बाग हेच स्मारक : जॉर्ज हॅरिसन यांची साधना, कोकणातल्या वाडीतून पाहताना

(दृश्य : श्रीवर्धन परिसरातील एक नारळी-पोफळीची वाडी. पाटातून वाहणारे पाणी, नव्या पोफळींच्या रांगा.)

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पडलेली झाडे तोडून, ओंडके बाहेर काढून, बुजलेले पाट मोकळे करून ज्यांनी त्याच जागी नवी रोपे लावली, त्यांना ठाऊक होते की पोफळ धरायला पाच ते सात वर्षे जातात आणि बाणवली माड त्याहूनही थोडा अधिक वेळ घेतो. इतक्या लांबच्या फळासाठी रोज पाणी लावणे केवळ हिशेबाच्या बळावर जमत नाही. त्यासाठी त्या कामाचीच ओढ असावी लागते. आज आपण ज्या संगीतकाराच्या स्मृतिउद्यानाविषयी बोलणार आहोत, त्यांना ही ओढ होती, म्हणून त्यांची हकिगत आपण वाडीत उभे राहून सांगत आहोत.

लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशायर परगण्यात, लेचमोर हीथ नावाचे एक खेडे आहे. तेथील पिगट्स मॅनर ही हवेली भोवतालच्या जमिनीसह 1973 मध्ये बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी विकत घेतली आणि इस्कॉनच्या भक्तांच्या स्वाधीन केली. भक्तिवेदान्त मॅनर या नावाने आज ती ओळखली जाते. तेथे राधाकृष्णाचे मंदिर आहे, गोशाळा आहे, आणि जन्माष्टमीला हजारो माणसांची रीघ लागते. त्याच आवारात 2013 मध्ये हॅरिसन यांच्या स्मरणार्थ एक उद्यान खुले करण्यात आले. ज्या भूमीचे त्यांनी दान केले, तिच्याच एका तुकड्यावर त्यांची आठवण रुजवली गेली, ही गोष्ट आम्हाला फार उचित वाटते.

(दृश्य : कलम बांधणारे हात. रायवळीचे रोप, हापूसची काडी, बांधलेली पट्टी.)

हॅरिसन यांचा जन्म 25 फेब्रुवारी 1943 रोजी लिव्हरपूलमध्ये, बसवर नोकरी करणाऱ्या वडिलांच्या लहानशा घरात झाला. 1966 मध्ये त्यांची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि त्याच वर्षी ते सतार शिकण्यासाठी भारतात, प्रथम मुंबईत, आले. कोकणातला बागायतदार रायवळ आंब्याच्या रुजलेल्या कोयीवर हापूसची काडी बांधतो, तेव्हा मुळे रायवळीचीच राहतात आणि फळ मात्र हापूसचे येते. हॅरिसन यांच्या जीवनात भारतीय अध्यात्म असेच जोडले गेले. लिव्हरपूलची मुळे त्यांनी कधी तोडली नाहीत. बोलणे, विनोदबुद्धी, गिटार, मित्रमंडळी सारे तिथलेच राहिले. जे बदलले, ते त्या झाडाला पुढे काय लागले हे.

जानेवारी 1968 मध्ये ते पुन्हा मुंबईत आले आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. चिनी ग्रंथ ताओ ते चिंगवर आधारलेल्या त्यांच्या ‘द इनर लाइट’ या गीतात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे, आशिष खाँ यांचा सरोद आहे आणि महापुरुष मिश्र यांचा पखवाज आहे. पखवाजाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण कोकणात संध्याकाळी देवळात भजनाला बसणाऱ्यांना त्या वाद्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

पुढच्या वर्षी, 1969 मध्ये, लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांचा हरे कृष्ण महामंत्र त्यांनी ध्वनिमुद्रित करून प्रकाशित केला, आणि 1970 मधील ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्यात हालेलुया या ख्रिस्ती स्तुतिघोषाच्या जोडीने तोच मंत्र जगभरच्या रेडिओवर गेला. ही प्रसिद्धी मोठी होती. परंतु साधना म्हणून त्यांनी जे धरले ते नामस्मरण होते. एकदा फ्रान्समधून पोर्तुगालला मोटार चालवीत जाताना सुमारे तेवीस तास आपण अखंड नामजप केल्याचे त्यांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितले आहे. वारीच्या वाटेवर चालणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. हात आणि पाय कामात, आणि मुखी नाम, ही रीत आपल्याकडे शतकानुशतके चालत आलेली आहे. सावता माळ्यांच्या नावावरचा ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ हा अभंग तर थेट मळ्यातच उभा राहिलेला आहे.

(दृश्य : वाडीत बेणणी करणारी, म्हणजे तण काढणारी, माणसे. विळ्याचा आणि मातीचा आवाज, निवेदन थोडा वेळ थांबते.)

1970 च्या सुरुवातीला हॅरिसन थेम्स नदीकाठच्या हेन्ली येथील फ्रायर पार्क या वास्तूत राहायला गेले. सर फ्रँक क्रिस्प या वकिलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेली ही मालमत्ता होती. क्रिस्प यांना वनस्पतींचे अतोनात वेड होते. त्यांनी तेथे तळी खोदली, गुहा रचल्या, आणि आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराची दगडी प्रतिकृती उभारून तिच्या अंगावर डोंगरी झाडे लावली. 1919 मध्ये ते वारले. पुढे काही काळ तेथे ख्रिस्ती जोगिणींनी शाळा चालवली आणि नंतर ती जागा मोडकळीस आली. हॅरिसन यांच्या ताब्यात आली तेव्हा बागेत रान माजले होते आणि झाडांच्या मूळ रचनेचा मागमूस लागत नव्हता. जगातील सर्वांत गाजलेला वाद्यवृंद नुकताच फुटलेला, वय सत्तावीस, आणि पुढ्यात ही एवढी ओसाडी. त्यांनी हातात फावडे घेतले आणि ते मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, खाली ठेवले नाही.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण बागकामाला विरंगुळा समजून चार ओळींत पुढे सरकतात. हॅरिसन यांनी स्वतः तसे मानलेले दिसत नाही. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आय मी माइन’ हे आपले आत्मकथन त्यांनी जगभरातील माळ्यांना अर्पण केले. संगीतकारांना नव्हे, श्रोत्यांना नव्हे. त्यांचा मुलगा धनी याने सांगितलेल्या आठवणी तर आणखी बोलक्या आहेत. लहानपणी त्याची अशी समजूत होती की आपले वडील माळी आहेत, कारण घरात त्याने त्यांना दुसरे काही इतक्या नेमाने करताना पाहिले नव्हते. रात्री उशिरापर्यंत ते बागेत असत आणि डोळे किलकिले करून चांदण्यात झाडांकडे पाहत राहत, कारण दिवसा डोळ्यांना खुपणारे तण आणि उणिवा त्या उजेडात दिसत नसत. ज्याने वाडी केली आहे त्याला यातला प्रत्येक शब्द पटेल. एक वाफा स्वच्छ करून मागे वळावे तो पहिल्या वाफ्यात पुन्हा गवत उगवलेले असते, आणि आपण लावले तेवढे पाहण्याची संधी बेणणी करणाऱ्याला क्वचितच मिळते.

नामजप आणि बेणणी या दोन्ही गोष्टी कधी पूर्ण होत नाहीत. माळ संपली की मेरुमणी येतो आणि माळ फिरवून पुन्हा सुरुवात करावी लागते. श्रावणात काढलेले गवत भाद्रपदात परत येते. केल्याची पावती दोन्हीकडे मिळत नाही आणि ‘मी केले’ असे म्हणायला दोन्हीकडे जागा फार थोडी असते, कारण अंकुर फुटणे हे माळ्याच्या हातचे काम नाही. ज्या माणसाच्या नावाचा जयघोष विशीतच सगळ्या जगाने केला, त्याला असे काम हवेसे का वाटले असावे हे आम्हाला येथे, या मातीत उभे राहिल्यावर नीट उमगते.

(दृश्य : हरिहरेश्वराचे देऊळ, खाली खडकांवर समुद्र.)

त्यांची गाणीही वेळोवेळी बागेतून आली. ‘हिअर कम्स द सन’ हे गीत 1969 च्या वसंतात एरिक क्लॅप्टन या मित्राच्या बागेत, धंद्याच्या बैठकींना कंटाळून बाहेर पडलेल्या एका दिवशी सुचले. 1997 मध्ये रविशंकर यांचा ‘चांट्स ऑफ इंडिया’ हा मंत्रांचा संग्रह हॅरिसन यांच्या निर्मितीखाली निघाला. त्याचे काही ध्वनिमुद्रण चेन्नईत आणि काही फ्रायर पार्कमध्ये, त्या बागेच्या मधोमध, झाले. आपल्या शाळांतून म्हटले जाणारे ‘सह नाववतु’ त्यात आहे. 29 नोव्हेंबर 2001 रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा अखेरचा संग्रह ‘नमः पार्वती’च्या नामघोषाने संपतो, आणि त्यात वडील आणि मुलगा असे दोघांचे आवाज आहेत. ‘नमः पार्वतीपते हर हर महादेव’ हा गजर आपल्या देवळांत आरतीनंतर आणि कीर्तनात उठतो, त्यामुळे हरिहरेश्वराच्या पायरीवर उभे राहून तो शेवट ऐकताना तो परक्या देशातला वाटत नाही.

त्यांच्या मागे त्यांची आठवण बागेतूनच जपली जावी, हे त्यांच्या पत्नी ऑलिव्हिया यांनी ओळखले. 2008 च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये त्यांनी उद्यानरचनाकार इव्हॉन इन्स यांच्यासह एक उद्यान सादर केले. लिव्हरपूलचे बालपण, साठच्या दशकातील रंगांची उधळण, फ्रायर पार्कमधील वर्षे आणि देहापलीकडचा प्रवास असे त्याचे चार भाग होते. ते प्रदर्शनापुरते होते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या नावाने लावलेला पाइन वृक्ष 2014 मध्ये साल पोखरणाऱ्या किड्यांनी मारला, आणि पुढे त्या जागी नवे रोप लावावे लागले. गेंड्या भुंग्याने आणि सोंड्या भुंग्याने माडाचा कोंब खाल्लेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही बातमी वाचून हळहळ वाटली असेल. जिवंत स्मारक मरू शकते. त्याला राखणदार लागतो, आणि लेचमोर हीथच्या उद्यानाचे मोल आम्हाला याच कारणासाठी अधिक वाटते: तेथे रोजची काकडआरती करणारी, गाई सांभाळणारी, जमीन कसणारी माणसे आधीपासून नांदत आहेत, त्यामुळे बागेची देखभाल हा त्यांच्या सेवेचाच भाग होऊ शकतो.

(दृश्य : देवळाचे आवार. बकुळ, सोनचाफा, तुळशीवृंदावन.)

आपल्या गावोगावी भजनी बुवा होऊन गेले, पखवाजी होऊन गेले, दशावतारात हार्मोनियमवर बसणारे कलावंत होऊन गेले. त्यांच्या नावे चौथरा, कमान किंवा फलक करण्याचा विचार जिथे चालू असेल, तिथे आमची मनःपूर्वक विनंती आहे की एक गुंठाभर जागा झाडांसाठी ठेवावी. समुद्राच्या बाजूला उंडी लावावी, कारण ती खारा वारा सोसते. तिच्या आडोशाला बकुळ, सुरंगी आणि सोनचाफा लावावा, आणि बसण्याच्या जागेजवळ प्राजक्त. रोपे पहिल्या चांगल्या पावसात, ज्येष्ठाच्या अखेरीस किंवा आषाढात लावावीत. जांभा वर आलेला असेल तर खड्डा मोठा घेऊन त्यात माती आणि कुजलेला पालापाचोळा भरावा. आळी पाऊस संपताच बांधावीत, आणि कार्तिकापासून पुढच्या मृगापर्यंत पाणी कोणी, कोणत्या वारी घालायचे याची पाळी निदान पहिली तीन वर्षे भजनी मंडळाने आपसांत लावून घ्यावी. भजनाला येणाऱ्याने येताना एक कळशी आणली तरी पुष्कळ रोपे जगतात. फलक लावायचाच असेल तर तो चौथ्या वर्षी लावावा.