५०३: अपाचे आणि टॉमकॅटच्या मधोमध

(पडद्यावर: पांढरं पान, त्यावर ‘सर्व्हिस अनअव्हेलेबल’)

साइट बंद आहे. ब्राउझरमध्ये ५०३. पण हा आकडा पाठवतंय कोण? अपाचे वेब सर्व्हर. म्हणजे तो जागा आहे. त्याच्या मागे टॉमकॅट आहे, म्हणजे जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. त्याचं ८०८० पोर्ट थेट उघडून पाहिलं, तर तेच ॲप्लिकेशन सुरळीत चालतंय. दोघंही धडधाकट, फक्त बोलणं तुटलंय.

हे बोलणं घडवतं अपाचेतलं मॉड-जेके नावाचं मॉड्यूल. आलेली रिक्वेस्ट ते एजेपी या, दोघांमधल्या संवादाच्या प्रोटोकॉलच्या बायनरी पॅकेटमध्ये बांधतं आणि टॉमकॅटच्या ८००९ पोर्टवर देतं.

अशा वेळी हात आधी रीस्टार्टकडे जातो. तो आवरा. अडकलेले थ्रेड आणि उघडी सॉकेट हा सगळा पुरावा रीस्टार्टमध्ये पुसला जातो, आणि उद्या पुन्हा हाच खेळ.

(पडद्यावर: मॉड-जेकेचा लॉग सरकतो आहे)

लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतंय. लिनक्सवर सोबत १११ हा क्रमांकही असतो. अर्थ सरळ: ८००९ वर ऐकायला कुणी नाही. टॉमकॅट नुकतंच अपग्रेड केलं असेल, तर संशय तिथेच घ्यावा. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ ही त्रुटी जाहीर झाली. उघड्या एजेपी पोर्टमधून ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइल बाहेरच्याला वाचता येत होत्या. म्हणून ९.०.३१ पासून टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमधला एजेपी कनेक्टर, म्हणजे ८००९ वर ऐकणारा भाग, मुळातच कॉमेंटमध्ये, म्हणजे बंद असतो. कॉमेंट काढली तरी काम संपत नाही. सिक्रेट, म्हणजे दोघांमधला परवलीचा शब्द दिला नाही, तर कनेक्टर सुरूच होत नाही. दिला, पण मॉड-जेकेच्या वर्कर्स प्रॉपर्टीज फाइलमधल्या सिक्रेटशी जुळला नाही, तर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. आणि अपाचे दुसऱ्या मशीनवर असेल तर ॲड्रेसही लिहावा लागतो, कारण आता कनेक्टर फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतलं ऐकतो. कटकट आहे, पण रास्त आहे.

४०४ आलं, तर आधी ते पान कुणाचं ते बघा. अपाचेचं असेल तर जेके-माउंट तपासा, म्हणजे कोणते पत्ते टॉमकॅटकडे धाडायचे हे सांगणाऱ्या ओळी. मुख्य कॉन्फिगरेशनमधले माउंट व्हर्च्युअल होस्टला, म्हणजे त्याच अपाचेवरच्या वेगवेगळ्या साइटना आपोआप मिळत नाहीत.

सगळ्यात छळतो तो अधूनमधून येणारा बिघाड. मॉड-जेके कनेक्शन उघडी ठेवून पुन्हा वापरतं. मधला फायरवॉल रिकामी पडलेली कनेक्शन गुपचूप तोडतो, आणि पुढची रिक्वेस्ट मेलेल्या वाटेवर जाते. त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडचे टाइमआउट जुळवणं, पण एककं बघून! मॉड-जेकेचा कनेक्शन पूल टाइमआउट सेकंदांत मोजतात, टॉमकॅटचा कनेक्शन टाइमआउट मिलिसेकंदांत. इकडे ६००, तर तिकडे ६,००,०००. दोन्हीकडे ६०० लिहिलं, की टॉमकॅट अर्ध्या सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात कनेक्शन मिटतं. शिवाय पिंग मोड चालू केला, की रिक्वेस्ट देण्याआधी पलीकडे कुणी आहे का, हे मॉड-जेके स्वतःच विचारून घेतं.

दुरुस्तीनंतरही लगेच ५०३ दिसलं तर पुन्हा फाइली उकरू नका. रिक्वेस्ट वाटून देणारा मॉड-जेकेचा लोड बॅलन्सर वापरात असेल, तर एरर स्थितीत टाकलेल्या वर्करकडे, म्हणजे त्याच्या यादीतल्या टॉमकॅटकडे तो एरवी ६० सेकंदांनीच पुन्हा वळतो.