दाणे तर जसेच्या तसे!

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. कपाशीला पहिला महिनाभर नत्र लागतं जेमतेम. पाती, म्हणजे कळ्या, लागली की तिची भूक वाढते, आणि फुलं-बोंडांच्या काळात तर ती खवळते. साधा युरिया तोवर थांबत नाही. वर फेकला तर अमोनिया होऊन उडतो, नायट्रेट झाला की पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून हा दाण्यावर पातळ आवरण चढवलेला, हळू सुटणारा युरिया.

आता एक गंमत ऐका. बोंडं भरायच्या दिवसांत एक शेतकरी दादा तावातावानं आले. मूठ उघडली, तर आत मातीनं माखलेले दाणे.

"साहेब, पाऊस पडून गेला, बोंडं धरली, अन् तुमचं खत जसंच्या तसं! प्लास्टिकचे मणी दिलेत होय?"

मी एक दाणा नखानं दाबला. फट्‌! आतून नुसतं पाणी. युरिया केव्हाच मुळांकडे गेला होता, मागे उरलं होतं टरफल. दादांनी दुसरा दाबला, तिसरा दाबला, अख्खी मूठ फोडली. मग हळूच म्हणाले, "पण मी तर वरून साधा युरियाही टाकला की!" सोबत वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते, पीक हिरवं आहे, कशाला फेकता?" पुढं झालं ते ठरलेलंच. झाड नुसतं माजलं, मावा-तुडतुडे आले, बोंडं उशिरा फुटली. गर्द हिरव्या कपाशीची बांधावरून वाहवा करणाऱ्यांना वेचणीलाही बोलवावं, असं मला फार वाटतं!

तर दाणा दिसला म्हणजे खत शिल्लक आहे, असं नाही. पुन्हा सांगतो, दाणा दाबून बघा. आवरणातून पाणी आत शिरतं, युरिया विरघळतो आणि हळूहळू बाहेर झिरपतो. जमीन जितकी उबदार, तितका वेग जास्त. निंबोळी तेलाच्या युरियाचं तसं नाही. तो लगेच विरघळतो, फक्त त्याचं नायट्रेट व्हायला उशीर लागतो.

हे खत ओलीत, मातीआड पेरून द्या. मातीआड, वर नाही. पेरताना दाणे भरडू देऊ नका. आवरणाला तडा गेला की तो साधा युरियाच.

दादांचा प्लास्टिकचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाची, टरफलं मातीत फार काळ राहतात. युरोपीय संघानं अशा आवरणांना मातीत कुजण्याची अट घातली आहे. घेताना आवरण कशाचं आहे, ते पिशवीवर वाचा.