सहल आली आणिक आगारात

लाल बसच्या रांगेमधून सातवीची मुलं चालली आहेत. हे वडाळ्याचं आणिक आगार. बाकीच्या शाळांच्या सहली रिसॉर्टला जातात, ही आलीय मुंबईत बस चालवणाऱ्या बेस्टच्या संग्रहालयात. १९८४ साली ते कुर्ला आगारात सुरू झालं, १९९३ मध्ये इथं आलं.

सगळ्यात जास्त गर्दी ट्रामच्या मॉडेलपाशी. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून थेट पायधुणी. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घरंगळतं, म्हणून तर एकदोन घोडे डबाभर माणसं ओढायचे. भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीट नावाची गोष्टच नव्हती! फुकटे प्रवासी वाढले, तेव्हा कंपनीनं तिकिटं काढली.

७ मे १९०७ला घोड्यांची जागा विजेनं घेतली. टपावरचा हा दांडा नीट पाहा. त्याचं टोक डोक्यावरच्या तारेला टेकलेलं. तारेतली वीज दांड्यातून मोटारीत येते, चाकं फिरवते, चाकांतून रुळांत उतरते आणि रुळांवाटे माघारी जाते. मुलं वहीत बॅटरी, बल्ब आणि दोन वायरी काढतात ना, तोच हा परिपथ. फक्त बल्बच्या जागी माणसांनी भरलेली ट्राम.

आता हा कंडक्टरचा चिमटा. दाबला की टिक! बोटभर तिकिटाच्या कडेला बारीक आकडे छापलेले आहेत. भोक कुठल्या आकड्यावर पडलंय, त्यावरून तपासनिसाला टप्पा कळायचा. ना बॅटरी, ना स्क्रीन, तरी हिशेब चोख. आणि घंटीची भाषा तर मुलांना आधीच पाठ आहे: एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला.

३१ मार्च १९६४ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. डिझेलवरच्या जुन्या डबलडेकर बसही २०२३ मध्ये गेल्या.

इथं प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शाळांनी एक वर्ष रिसॉर्ट राहू द्यावा आणि मुलांना इथं आणावं. सोबत विज्ञानाचे सर किंवा बाई मात्र हव्यातच, कारण त्या दांड्यापाशी मुलं प्रश्न विचारणार, आणि फळ्यावर अडलेला परिपथ तिथं हात लावून दाखवता येतो.