पश्चिमेने पूर्वेला उठवायचं
(गुढीपाडवा मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

मंडळी,

पाडव्याच्या दिवशी वादळाचा विषय कशाला, असं कार्यकारिणीतल्या दोघांनी मला विचारलं. पाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि अमेरिकेतल्या आपल्या टेनेसी राज्यात टोर्नेडोचे, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या फिरत्या वाऱ्याच्या वादळाचे, मुख्य दिवसही तेव्हाच सुरू होतात. म्हणून आजच बोलते.

२ मार्च २०२०, सोमवार. आम्ही तेव्हाही नॅशव्हिलच्या पूर्वेला, माउंट ज्युलिएटला राहत होतो. सासूबाई श्रीवर्धनहून चार महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या संध्याकाळी हवा मार्चच्या मानाने उबदार आणि चिकट होती. सासूबाई म्हणाल्या, "वळवाच्या आधी असतं तसं वाटतंय गं." मी हो म्हटलं आणि भांडी आवरायला गेले. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा खाली, वर जोराचा वारा आणि उंचीगणिक त्या वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत जाणारा, असं जुळून आलं की ढग आतून फिरू लागतो. हे मी नंतर वाचलं. त्या माउलीला ते नुसत्या अंगाला जाणवलं होतं.

माझा फोन रात्री गप्प असायचा. त्याहून वाईट म्हणजे, फेब्रुवारीत पुराच्या एका इशाऱ्याने रात्री दोन वाजता चार वर्षांची लेक दचकून उठली, तेव्हा मी फोनमधले आपत्तीचे इशारेच बंद करून टाकले होते. आज इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी हे केलं असेल, याची मला काळजी आहे.

मध्यरात्र उलटून ३ मार्च लागल्यावर, साडेबाराच्या सुमारास पश्चिम नॅशव्हिलमध्ये, जॉन ट्यून विमानतळाजवळ, टोर्नेडो जमिनीला टेकला. जर्मनटाउन, ईस्ट नॅशव्हिल, डोनेलसन, हर्मिटेज करत तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने आमच्या दिशेने येत होता आणि आम्ही चौघं वरच्या मजल्यावर गाढ झोपलो होतो.

मला उठवलं ते नॅशव्हिलच्या पश्चिमेकडे, बेलव्ह्यूला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने. ती समोरच बसली आहे, नाव घ्यायचं नाही असं तिने बजावलंय. वादळाच्या इशाऱ्याच्या भोंग्याने ती जागी झाली, टीव्ही लावला, धोका तिच्याकडून पुढे सरकल्याचं पाहिलं. तेवढ्यावर दिवा मालवून झोपली असती तरी कोणी तिला बोल लावला नसता. पण तिने नकाशावर पुढचं गाव पाहिलं आणि मला फोन लावला. तो वाजला नाही. तिने लगेच पुन्हा लावला. एकाच माणसाने तीन मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर गप्प ठेवलेला फोनही वाजू द्यायचा, अशी सोय माझ्या फोनमध्ये होती. मला ती ठाऊक नव्हती, तिलाही नव्हती. ती फक्त "खाली जा, आत्ता" एवढंच म्हणाली.

आमच्या घराला तळघर नाही. इथे जमिनीखाली लगेच चुनखडीचा खडक लागतो, त्यामुळे अनेक घरांना ते नसतं. आम्ही जिन्याखालच्या कपाटाच्या खोलीत शिरलो. सासूबाईंना जिना उतरायला वेळ लागला. त्या चौदा पायऱ्या मी कधी विसरणार नाही. मी लेकीला कडेवर घेऊन खाली उभी, नवरा त्यांचा हात धरून एकेक पायरी उतरवतोय, आणि खिडकीबाहेर आभाळ निळंहिरवं उजळतंय. ती वीज नव्हती, विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर फुटत होते.

मग दिवे गेले. कानांना दडे बसले, घाटात गाडी उतरताना बसतात तसे. आगगाडीसारखा आवाज येतो असं सगळे सांगतात. मला तो घरघर दळणाऱ्या गिरणीसारखा वाटला, फक्त ती गिरणी सगळ्या आभाळाएवढी होती. सासूबाई लेकीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून स्तोत्र म्हणत होत्या, एका सुरात, न थांबता. मिनिटभर चाललं असेल ते सगळं.

आमचं घर वाचलं. पाऊण मैलावरची घरं वाचली नाहीत. पहाटे बाहेर आलो तर हवेत ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास. चांगला वास होता, म्हणूनच तो सहन होईना. झाडांना घरांच्या भिंतींत ऊब टिकवायला भरलेला गुलाबी कापूस लटकलेला. वेस्ट विल्सन मिडल स्कूल आणि स्टोनर क्रीक एलिमेंटरी या दोन्ही शाळा मोडून पडल्या होत्या. वादळ दिवसा, शाळेच्या वेळी आलं असतं तर, हा विचार त्या दिवशी प्रत्येक आईच्या डोळ्यांत दिसत होता.

तो टोर्नेडो सुमारे साठ मैल जमिनीवर होता. वारा ताशी २६५ किलोमीटरपर्यंत, ईएफ-३ दर्जाचा (टोर्नेडोची ताकद ईएफ-० ते ईएफ-५ अशी मोजतात). पाच माणसं गेली. त्याच ढगाने पुढे पावणेदोनच्या सुमारास कुकव्हिलजवळ दुसरा टोर्नेडो सोडला, ईएफ-४. तो जेमतेम आठ मैल चालला आणि एकोणीस माणसं घेऊन गेला, त्यांत पाच मुलं होती. झोपेतली माणसं, मंडळी. टेनेसीत जवळजवळ निम्मे टोर्नेडो रात्री येतात. त्यात इथल्या टेकड्या आणि झाडी, त्यामुळे येताना दिसतही नाही. रात्रीचा टोर्नेडो दिवसाच्यापेक्षा दुपटीहून अधिक जीवघेणा ठरतो, आणि त्याचं मोठं कारण माणसाला वेळेत जाग येत नाही हेच आहे.

सकाळी आईचा श्रीवर्धनहून फोन आला. "एवढं वादळ येणार ते दोन दिवस आधी कळलं नाही होय?" तिला समजावताना माझ्याकडे शब्दच नव्हता. चक्रीवादळ म्हटलं तर ते समुद्रावरचं, वावटळ म्हटलं तर ती अंगणातला पाचोळा फिरवणारी. आपल्या भाषेला या गोष्टीची गरजच फारशी पडली नाही. बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, भर दुपारी. आईच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. पण तिला आधी कळलं होतं. होड्या वर ओढल्या होत्या, माणसं पक्क्या इमारतींत हलवली होती. त्या रात्री ती मला म्हणाली, "आम्हाला निदान डोळे उघडे ठेवून बघता आलं." मार्चमध्ये मी तिला जे समजावू शकले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

'टोर्नेडो वॉच' म्हणजे परिस्थिती जुळून आली आहे, बूट आणि बॅटरी जवळ ठेवून झोपा. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर फिरता वारा दिसला किंवा कोणी टोर्नेडो डोळ्यांनी पाहिला, उठा आणि खाली जा. भोंगा बाहेर असलेल्यांसाठी असतो, बंद खिडकीत तो ऐकू येईलच असं नाही. हवामान रेडिओ, म्हणजे हवामान खात्याचा इशारा आला की आपोआप वाजणारा रेडिओ, विकत घ्या, झोपायच्या खोलीत ठेवा, त्यात बॅटरी घाला. आमच्या जिन्याखाली आता प्रत्येकाचे बूट आणि सायकलचं हेल्मेट कायम असतं, कारण इजा सर्वांत वाईट डोक्याला होते आणि नंतर चालायचं असतं ते काचांवरून. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांना तळमजल्यावर झोपवा. त्यांचा फोन नुसत्या वायफायवर चालत असेल तर त्यावर सरकारी इशारा येत नाही.

आणि आता माझी खरी विनंती. ही वादळं बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. आपण याच रेषेवर पसरलो आहोत: बेलव्ह्यू, नॅशव्हिल, हर्मिटेज, माउंट ज्युलिएट, लेबनन, कुकव्हिल. ज्याच्यावरून ते पुढे गेलं त्याने पूर्वेकडच्या दोन घरांना फोन करायचा. एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. व्हॉट्सॲपवर संदेश टाकून चालणार नाही, झोपलेला माणूस तो वाचत नाही. संकोच करू नका. वादळ आलंच नाही तर दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे चहाला येईन, तक्रार करायला नाही.

कुकव्हिलला टेनेसी टेक विद्यापीठात आपली मुलं शिकायला येतात. नुकतं घर सोडलेलं असतं, भोंगा कशाचा ते माहीत नसतं, रात्री तीनपर्यंत अभ्यास करून झोपलेली असतात. साखळीच्या टोकाला ती आहेत, म्हणून त्यांची घरं आधी ठरवूया.

जेवणाच्या रांगेपाशी एक वही ठेवली आहे. नाव, फोन आणि तुमच्या पूर्वेला कोण राहतं ते लिहा. प्रत्येक गावाला एक पान आहे. मघाशी पाहिलं तेव्हा बेलव्ह्यूचं पान भरत आलं होतं. कुकव्हिलच्या पानावर अजून एकही नाव नाही.