हाड सापडलं ते ठीक, पण खड्डा कुठाय?

(सोलापुरातल्या एका वाचन गटात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. आधीच सांगून टाकते, खुनी कोण हे आज मी कुठल्याच पुस्तकातलं फोडणार नाही, त्यामुळे पुढच्या रांगेत ज्या दोन वहिनी कानावर हात ठेवून बसल्यात त्यांनी ते खुशाल काढावेत. बाहेर ऊन कसलं आहे ते तुम्ही बघतच आलात, पंखे जमेल तेवढे फिरतायत, आणि विषय हाडांचा आहे, म्हणजे चहा-चिवडा आधीच उरकला ते बरंच झालं.

तर एली ग्रिफिथ्स नावाच्या इंग्लंडच्या लेखिकेची एक सिरीज आहे, 2009 ते 2023, एकूण 15 कादंबऱ्या, पहिली 'द क्रॉसिंग प्लेसेस'. हे टोपणनाव बरं का, बाईंचं खरं नाव डोमेनिका डी रोझा. नायिका रुथ गॅलोवे. चाळिशीला टेकलेली, एकटी राहणारी, घरात मांजरं, वजनाबद्दल मनातल्या मनात सतत चडफडणारी, युनिव्हर्सिटीत शिकवते आणि पोलिसांना कुठं हाडं सापडली की तिला फोन येतो. ती फॉरेन्सिक आर्किऑलॉजिस्ट आहे, म्हणजे जमिनीत पुरलेलं काढायचं आर्किऑलॉजीच्या, आपल्या पुरातत्त्वाच्या पद्धतीनं, पण काढायचं ते कोर्टात टिकेल असं. डॉक्टर टेबलावर आलेलं शव बघतो, ही बाई ते ज्या खड्ड्यातून आलं तो खड्डा बघते. आज मला खरं बोलायचंय ते या खड्ड्याबद्दलच.

आपण सगळे ज्या रहस्यकथांवर वाढलो, म्हणजे बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं भाड्यानं आणून रातोरात संपवणारी पिढी इथं अर्धी तरी बसलीय, त्यात पहिला प्रश्न कायम एकच, खून कोणी केला? रुथच्या पुस्तकात हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो, कधी? पहिल्याच कादंबरीत दलदलीच्या किनाऱ्यावर एका लहान मुलीची हाडं सापडतात, इन्स्पेक्टर नेल्सन हातातली कामं टाकून धावत येतो, कारण दहा वर्षांपूर्वी हरवलेली एक पोरगी त्याच्या डोक्यातून गेलेली नसते, त्याला वाटतं सापडली एकदाची. आणि रुथ सांगते की बाबा रे, ही हाडं लोहयुगातली आहेत, साधारण दोन हजार वर्षं जुनी. हे सुरुवातीच्या पानांतच येतं, म्हणजे मी काही फोडलं नाही. पण बघा कसं होतं, त्या एका वाक्यानं पोलिसांची केस संपते आणि बापासारखा वाट बघणारा तो माणूस परत तिथंच उभा राहतो. ती दोन हजार वर्षांपूर्वीची मुलगी पण कुणीतरी मारलेलीच असणार, पण तिच्यासाठी एफआयआर नाही. मला या पुस्तकांत सगळ्यात जास्त ही गोष्ट धरून ठेवते, की मेलेलं माणूस पोलिसांचं की इतिहासाचं हे एका बाईला खड्ड्यात गुडघ्यावर बसून ठरवावं लागतं.

आता कुणी म्हणेल हे कादंबरीत ठीक आहे, खरं असं होतं का. होतं की, आणि कादंबरीपेक्षा भन्नाट होतं. 1983 चा मे महिना, इंग्लंडमध्येच, चेशायर भागात लिंडो मॉस नावाची दलदल आहे. तिथं पीट काढतात, पीट म्हणजे कुजलेल्या शेवाळाची काळी माती, वाळवून जाळायला नाहीतर बागेला वापरतात. तर काम करणाऱ्यांना एक गोल वस्तू मिळाली, धुतली तर बाईची कवटी निघाली, थोडी कातडी आणि केस अजून चिकटलेले. शेजारीच एक माणूस पूर्वी राहायचा, त्याची बायको वीसेक वर्षांपूर्वी गायब झाली होती आणि पोलिसांचा त्याच्यावर डोळा होताच. कवटी सापडली हे कळल्यावर त्यानं कबुलीच दिली, मी मारलं, तिथंच पुरलं. मग ऑक्सफर्डला कार्बन डेटिंग, म्हणजे कार्बनवरून वय काढणं, झालं आणि ती कवटी निघाली इ.स. 200 च्या आसपासची. रोमन काळातली! म्हणजे जिच्यामुळे तो बोलला ती त्याची बायको नव्हतीच. त्यानं जबाब फिरवायचा प्रयत्न केला पण उपयोग झाला नाही, शिक्षा झाली. त्याच्या बायकोचं शरीर काही मिळालं नाही. पुढच्याच वर्षी त्याच दलदलीत प्रसिद्ध 'लिंडो मॅन' सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हा प्लॉट कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपणच म्हणालो असतो, काय पण फेकतात.

बरं, आता खड्डा. कुणी कितीही हुशारीनं काही पुरलं ना, तरी जमीन पहिल्यासारखी होत नाही. जमिनीत थर असतात, वरची माती, खालचा मुरूम, मधे राखेचा पट्टा असेल, विटांचा चुरा असेल. खड्डा करताना हे सगळे थर कापले जातात आणि परत भरताना सगळं एकमेकांत मिसळतं. आपली सोलापुरी चादर एकदा घडी मोडून बघा, परत त्या प्लास्टिकच्या पिशवीत दुकानातल्यासारखी बसते का, नाही बसत, तसंच. भरलेली माती भुसभुशीत राहते, काही दिवसांनी खचते, वर गवत वेगळ्या रंगाचं येतं. खड्ड्याच्या कडेला कधीकधी फावड्याच्या पात्याची खूणसुद्धा राहते. म्हणून ही माणसं खुरपीएवढ्या ट्रॉवेलनं वरून पातळ पातळ खरवडत जातात, प्रत्येक थराचा फोटो, प्रत्येक घमेलं चाळणीतून. जेसीबी लावला की हाड मिळतं पण खड्डा गेला. आणि खड्डा गेला की ते हाड तिथं कधी आलं, कुणी आणलं, हे सांगणारा साक्षीदार गेला.

'द घोस्ट फील्ड्स' मध्ये याचा मस्त उपयोग केलाय. शेतात पुरलेलं दुसऱ्या महायुद्धातलं विमान निघतं, आत पायलटच्या जागेवर माणूस. सगळे म्हणतात बिचारा पायलट. रुथ म्हणते हा पायलट असूच शकत नाही, आणि तिथून पुढं मजा सुरू. मी तर म्हणते त्या प्रकरणासाठी पुस्तक विकत घ्या.

आणि हे फक्त युरोपातलं वेड नाही. आपल्याकडचं दायमाबाद घ्या, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. 1974 साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या माणसाला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा, सगळं मिळून 60 किलोच्या वर वजन. देशातल्या सगळ्यात मोठ्या शोधांपैकी एक. पण ते उत्खननात थराथरानं निघालं नाही ना, त्यामुळे ते नेमके कधीचे यावर विद्वान लोक आजपण एकमत नाहीत. छबूची काही चूक नाही यात, तो बिचारा लाकडासाठी खणत होता. पण बघा, वस्तू हातात आहे, म्युझियममध्ये आहे, आणि तरी 'कधी' चं उत्तर हललं ते हललंच.

मधे एक प्रश्न आला होता, अण्णांनी विचारला, की असली रुथ आपल्या सोलापुरात असती तर? मला हा प्रश्न फार आवडला कारण मी घरी यावर बराच विचार केलाय, भाकरी थापताना वगैरे.

पहिली अडचण माती. रुथची पुस्तकं जिथं घडतात त्या इंग्लंडमधल्या नॉरफोकची वाळू, चॉक, त्यात खड्ड्याची कड अशी रेघ मारल्यासारखी दिसते. आपली मंगळवेढ्याची मालदांडी ज्या काळ्या रानात येते ते रान उन्हाळ्यात असं भेगाळतं की हात आत जातो, वरची बांगडीची काच, खापराचा तुकडा, सगळं भेगेतून खाली. पावसाळ्यात माती फुगते, भेग मिटते. दरवर्षी हेच. म्हणजे ही माती स्वतःच स्वतःला ढवळत असते, काही वर्षांनी खड्ड्याची कड ओळखायला आलेल्या रुथबाईंना घाम फुटेल. कालचं नाणं हजार वर्षांच्या थरात मिळू शकतं. उलट एक फायदा पण आहे. पीटच्या आंबट पाण्यात कातडी राहते आणि हाडातला चुना विरघळतो, आपल्या जमिनीत चुनखडीचे खडे, त्यामुळे इथं उलटं, कातडी जाते पण हाडं बऱ्यापैकी टिकतात.

दुसरी अडचण, आपले जुने लोक. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, घोड पुढं भीमेला मिळते आणि भीमा कुठं येते ते तुम्हाला सांगायला नको. तिथं डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पंधराएक वर्षं खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात लोक मेलेल्यांना कुठं पुरायचे माहितेय? राहत्या घराच्या जमिनीखाली. लहान लेकरं दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवलेली. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले. डेक्कन कॉलेजच्या धवळीकर सरांनी याचा अर्थ असा लावला होता की मेलेल्याचं भूत उठून कुठं जाऊ नये म्हणून.

आता कल्पना करा, भीमेच्या काठी कुणाच्यातरी शेतात विहिरीचं काम चाललंय, पोकलेनच्या बकेटला सांगाडा लागतो, पाय तोडलेला. दहा मिनिटांत गाव गोळा होणार, मोबाईलवर व्हिडिओ फिरणार, पोलीस पाटील, मग पोलीस, पंचनामा, तहसीलदार साहेब, आणि संध्याकाळपर्यंत वीस वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणातून गायब झालेल्या कुणाचंतरी नाव चावडीवर निघालेलं असणार. या सगळ्या गर्दीत आपल्याकडे आर्किऑलॉजिस्ट सहसा कुणी बोलवत नाही. आणि तिथं कुणीतरी बाजूचं लाल खापर उचलून म्हणायला पाहिजे, थांबा जरा, हे काळ्या नक्षीचं, तोटीचं भांडं बघा, जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे त्या इनामगाववाल्यांचं, डोकं पण त्यांच्यासारखं उत्तरेकडं आहे, हा तीन हजार वर्षं जुना माणूस आहे. पण तोवर लिंडोसारखं कुणी घाबरून काहीतरी बोलून बसलं असलं तर? ही कादंबरी आहे की नाही? मराठीत कुणीतरी लिहा बाबांनो, आयडिया फुकट देतेय.

जागा पण आयती आहे आपल्याकडे. लेखिकेला ही सिरीज सुचली ती नवऱ्यामुळे, तो शहरातली नोकरी सोडून आर्किऑलॉजी शिकला होता, नॉरफोकच्या दलदलीतून चालताना तो म्हणाला की जुन्या लोकांना अशी जागा पवित्र वाटायची कारण ती धड जमीन नाही धड समुद्र नाही. आपलं उजनीचं बॅकवॉटर काय वेगळं आहे? उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, चिखल, रोहित पक्षी, जुन्या गावाचे दगड. 1980 च्या धरणाखाली गेलेली गावं. तिथं पाणी उतरल्यावर काय निघेल आणि ते कोणत्या काळातलं असेल, रुथला दोन सिरीज पुरतील एवढं सामान आहे.

थोडी टीका पण करते, नाहीतर म्हणाल बाईंना एजन्सी मिळालीय. एक म्हणजे सगळं फार पटपट होतं. खऱ्या आयुष्यात लॅबचा रिपोर्ट यायला आठवडे, महिने जातात, आणि अलीकडच्या दोन-तीनशे वर्षांतल्या हाडांना साधं कार्बन डेटिंग धड उत्तरच देत नाही. गंमत म्हणजे 1950 नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेत एवढा कार्बन-14 सोडला की त्यानंतर जगलेल्या माणसांत तो जास्तीचा सापडतो, म्हणजे बॉम्बच्या आधीचा की नंतरचा एवढं कळतं. दुसरं, रुथ आणि नेल्सन. नेल्सनचं लग्न झालेलं, बायको सुंदर, आणि हे दोघं पंधरा पुस्तकं घुटमळतात. पाचव्या-सहाव्यापर्यंत मी पण गुंतले, नंतर मात्र वाटायला लागलं की अहो ठरवा काय ते, इकडं सांगाडा वाट बघतोय. तिसरं, शेवटी दर वेळी रुथच संकटात सापडायची काय गरज, माती चाळणारी बाई आपापल्या कामानंच पुरेशी इंटरेस्टिंग आहे.

पण लोकांच्या श्रद्धेचं जे येतं ते फार छान. नॉरफोकच्या किनाऱ्यावर 1998 मध्ये खरोखर लाकडाचं वर्तुळ उघडं पडलं होतं, 55 ओकचे खांब आणि मधे उलटं पुरलेलं झाडाचं खोड, मुळं वर. ते इ.स.पू. 2049 मधलं, झाडाच्या वर्तुळांवरून वर्षापर्यंत काढलंय. ते तिथून हलवायचं म्हटल्यावर गावकरी आणि नवे ड्रुइड, म्हणजे जुन्या ब्रिटनमधल्या पुरोहितांचा वारसा सांगणारे लोक, विरोधाला उभे राहिले, तरी काढलं आणि आता किंग्ज लिनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. कादंबरीत असंच एक वर्तुळ आहे आणि तिथला कॅथबॅड नावाचा ड्रुइड, जांभळा झगा घालून फिरणारा, तो पुढं सगळ्यांचा लाडका होतो. लेखिका त्याची टिंगल करत नाही आणि त्याला बरोबरही ठरवत नाही. आपल्याकडे देऊळ-दर्ग्याजवळ कुदळ मारायची म्हटलं की काय होतं ते माहितेय, म्हणून मला ते जास्त भिडलं असेल.

एका ताईंनी विचारलं की हे काम म्हणजे नुसते खूनच का. नाही. 1984 मध्ये क्लाइड स्नो नावाचे अमेरिकन तज्ज्ञ अर्जेंटिनाला गेले, तिथं लष्करी राजवटीत गायब केलेल्या हजारो लोकांची हाडं बुलडोझरनं उकरली जात होती. त्यांनी तिथल्या कॉलेजच्या पोरांना खुरपी-ब्रश घेऊन काम शिकवलं, आणि त्या पोरांची टीम पुढं जगभर असल्या कबरी उघडायला गेली. त्या पोरांवर कुणी सिरीज लिहिली तर मी रुथला पण बाजूला ठेवीन.

शेवटचा प्रश्न, कुठून सुरुवात करू. पहिल्यापासूनच करा, मधलं उचललं तर नेल्सनच्या घरची भानगड कळणार नाही. इंग्रजी सोपं आहे, सगळं वर्तमानकाळात लिहिलंय, पहिली वीस पानं विचित्र वाटतं मग सवय होते. पहिली तीन माझ्याकडे आहेत, वहीत नाव लिहून न्या. आणि 'द घोस्ट फील्ड्स' कुणीतरी दिवाळीत नेलंय ते आधी आणून द्या.