सँ-व्हेराँ : उन्हाकडे तोंड करून वसलेले गाव

पडद्यावर दिसणारे हे गाव म्हणजे सँ-व्हेराँ. फ्रान्सच्या आग्नेय भागात, इटलीच्या सीमेला लागून असलेल्या केरा या डोंगराळ मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,०४० मीटर उंचीवर ते वसले आहे. बारमाही वस्ती असलेल्या युरोपातील सर्वांत उंच गावांत त्याची गणना होते. इथले कोंबडे चांदण्या टिपतात, असे या गावाबद्दल पूर्वापार म्हटले जाते.

इतक्या उंचीवर माणसे राहायला आलीच कशासाठी, याचे उत्तर डोंगराच्या उताराकडे पाहिले की मिळते. खाली एग ब्लांश हा ओढा वाहतो. त्याच्या पलीकडचा, उन्हाकडे पाठ केलेला उतार जंगलाने झाकलेला आहे. अलीकडचा उतार दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे हिवाळ्यातही त्याला ऊन मिळते. आल्प्समधले शेतकरी या दोन बाजूंना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात: उन्हाची बाजू ती 'आद्रे' आणि सावलीची ती 'यूबाक'. सँ-व्हेराँची सगळी घरे, शेते आणि गवताची कुरणे आद्रेवर आहेत, आणि राय नावाचे धान्य एवढ्या उंचीवर पिकत असे ते या उन्हाच्या बळावरच.

आता यातल्या एका घराजवळ जाऊ. खालचा भाग जाड दगडी भिंतींचा आहे. कुटुंब आणि गुरे तिथे एकाच छपराखाली राहत, कारण जनावरांच्या अंगची ऊब हीच हिवाळ्यातली सर्वांत स्वस्त शेकोटी होती. त्याच्यावर लार्च या सूचिपर्णी झाडाच्या अख्ख्या ओंडक्यांचा माळा उभा आहे. हे ओंडके आडवे रचून कोपऱ्यांवर एकमेकांत अडकवलेले आहेत आणि त्यांच्यामधल्या फटी मुद्दाम उघड्या ठेवलेल्या आहेत, म्हणजे वारा खेळता राहून आत साठवलेला चारा कुबट होत नाही. समोरचे लांब सज्जे शोभेसाठी नाहीत. इथला उन्हाळा इतका अपुरा, की पीक पुरते पिकायच्या आतच थंडी दाराशी येई. म्हणून अर्धकच्च्या पेंढ्या कापून या सज्ज्यांवर वाळत घालाव्या लागत. गावातले सुम नावाचे घर १६४१ सालचे आहे आणि आज ते संग्रहालय म्हणून पाहता येते.

लाकडाचे माळे आणि त्यांत ठासून भरलेले वाळलेले गवत असल्यावर सर्वांत मोठे भय आगीचे. एक घर पेटले तर सगळे गाव जाणार, हे ओळखून इथल्या लोकांनी गावाच्या वाड्या पाडल्या आणि दोन वाड्यांमध्ये मोकळी जागा सोडली. प्रत्येक वाडीला पाण्यासाठी स्वतःचा लाकडी हौद आणि पाव भाजण्यासाठी सामाईक भट्टी होती. गावाच्या मांडणीत आज जो रिकामेपणा सुंदर वाटतो, तो असा आगीच्या धास्तीतून आलेला आहे.

भिंतींवर रंगवलेली सूर्यघड्याळे हे केराचे खास वैभव. एकोणिसाव्या शतकात झार्बुला नावाचा इटालियन चित्रकार या खोऱ्यांतून गावोगाव फिरत घड्याळे रंगवत असे. आकड्यांच्या भोवती रंगीत पक्षी काढण्याची त्याला आवड होती. जवळून पाहिले तर भिंतीत रोवलेल्या लोखंडी काठीची बारीक सावली तासाच्या रेघेवर पडलेली दिसते.

आता इतिहासाकडे वळू. १३४३ साली या प्रदेशाचा अधिपती अंबेर दुसरा ('दोफँ' ही त्याची पदवी) पैशांच्या अडचणीत होता. ब्रियांसों हे जवळचे शहर आणि आसपासची खोरी यांतील लोकांनी त्याला मोठी रक्कम देऊन आणि दरवर्षी ठरावीक भरणा करण्याचे कबूल करून एक सनद मिळवली. या सनदेने सरंजामी देणी आणि वेठ यांतून लोकांची सुटका झाली, आणि आपले कारभारी स्वतः निवडण्याचा हक्क त्यांना मिळाला. खोऱ्यांचे पाच गट झाले. कराची वाटणी गावागावांत हे गटच करत, आणि त्या वाटणीवरूनच त्यांना 'एस्कार्तों' हे नाव पडले. केरा हा त्यांतलाच एक. सरदारांच्या जाचाखाली बहुतांश युरोप पिचत असताना डोंगरातल्या शेतकऱ्यांनी आपले स्वातंत्र्य रोख मोजून विकत घ्यावे आणि फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत ते टिकवावे, ही गोष्ट मला या गावाच्या उंचीपेक्षाही मोठी वाटते.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा १७१३ मध्ये गेला. उट्रेख्टच्या तहाने पाणलोटाच्या रेषेवर सीमा आखली आणि पाचांपैकी पूर्वेकडचे तीन गट फ्रान्सच्या शेजारी राज्य करणाऱ्या सावॉय घराण्याच्या सत्तेखाली गेले. त्याआधी १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले होते, तेव्हा केरामधली अनेक कुटुंबे देश सोडून गेली. तरीही तो पंथ इथून पुसला गेला नाही. कॅथलिक चर्चबरोबर प्रोटेस्टंट प्रार्थनाघरही गावात उभे आहे.

गावाच्या वर, ओढ्याच्या कडेने जाणारी वाट आपल्याला आणखी मागे नेते. इथे तांब्याची खाण आहे आणि तिथे कांस्ययुगात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, माणसे खनिज काढत होती. हे खडक मुळात समुद्राच्या तळाचे. आल्प्स उभा राहण्यापूर्वी इथे जो महासागर होता, त्याच्या तळाचे तुकडे भूखंडांच्या टकरीत वर उचलले गेले आणि आपल्याबरोबर तांबेही घेऊन आले. डोंगरमाथ्यावर, २,९०० मीटरच्याही वर, एका वेधशाळेचा घुमट दिसतो. निरभ्र आकाश आणि कोरडी हवा पाहून पॅरिसच्या खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ साली सूर्याच्या अभ्यासासाठी तो उभारला.

हीच वाट पुढे क्लोझिसच्या छोट्या प्रार्थनामंदिराशी पोहोचते. दरवर्षी १६ जुलैला तिथे यात्रा भरते. सँ-व्हेराँचे लोक खालून चढून येतात, आणि खिंडीच्या पलीकडून, १७१३ च्या तहाने तोडलेल्या खोऱ्यातून, इटलीतले यात्रेकरू डोंगर ओलांडून येतात.