परळ–प्रभादेवीचा पूल: पायी चालणाऱ्यांचे म्हणणे

सकाळी नऊच्या सुमारास प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलाखाली उभे राहिले, तर परळच्या दिशेने जिना चढणाऱ्यांतली बरीच माणसे हातातल्या सामानावरून ओळखता येतात. एक्स-रेचा मोठा लखोटा छातीशी धरलेली बाई टाटा किंवा केईएम रुग्णालयाकडे निघालेली असते. जेवणाच्या डब्याची पिशवी सांभाळत जाणारा तरुण बहुधा वॉर्डात रात्र काढलेल्या कुणाला तरी सोडवायला चाललेला असतो. दर आठ-दहा पायऱ्यांनी कठड्याला धरून थांबणारे एखादे आजोबाही या रांगेत असतात, आणि त्यांच्यामागची सगळी गर्दी तेवढा वेळ थबकते.

मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी ही स्थानके एकमेकांना लागून आहेत. त्यांच्यावरून जाणारा, शंभर वर्षांहून जुना एल्फिन्स्टनचा रस्तापूल 12 सप्टेंबर 2025 रोजी रात्री वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. त्याच्या जागी दुमजली पूल उभारायचा असून खालच्या मजल्यावरून परळ–प्रभादेवीची स्थानिक वाहतूक आणि वरच्या मजल्यावरून शिवडी–वरळी जोडरस्ता जाणार आहे. हा सुमारे साडेचार किलोमीटरचा जोडरस्ता पुढे अटल सेतूला मिळेल. अटल सेतूवर दुचाकींना आणि रिक्षांना बंदी आहे, त्यामुळे पायी किंवा सायकलवर फिरणाऱ्या गिरणगावच्या रहिवाशाच्या दृष्टीने सारा प्रश्न खालच्या मजल्याचा आहे.

पूल बंद झाल्यावर गाडीवाल्यांना दादरचा टिळक पूल, करी रोडचा पूल आणि चिंचपोकळीचा पूल असे पर्याय दाखवण्यात आले. त्या मार्गांनी वेळ अधिक जातो, कोंडी होते, तरी गाडी पोहोचते. पायी माणसाला मात्र करी रोडपर्यंत जाऊन पलीकडून तेवढेच उलटे चालत यायचे, किंवा रेल्वेचा जिना चढायचा, एवढेच उरते.

जिना म्हटले की इथल्या लोकांना 29 सप्टेंबर 2017 ची सकाळ आठवते. पावसाची सर आली, भिजू नये म्हणून लोक पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर थांबले, मागून येणाऱ्या प्रत्येक लोकलने त्यात भर घातली, आणि चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराने नवा पादचारी पूल उभारला आणि तो 27 फेब्रुवारी 2018 रोजी खुला झाला. म्हणून नव्या पुलाबद्दल बोलताना येथील माणूस मार्गिका किती हे विचारण्याआधी पदपथाची रुंदी विचारतो, तेव्हा त्याला अडवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल, असे आम्हाला वाटते.

सायकलस्वाराची अडचण आणखी निराळी आहे. पाववाला, दूधवाला, डबेवाला यांच्यासाठी सायकल हे पोटापाण्याचे साधन असते. मालाने लादलेली सायकल जिन्यावरून नेता येत नाही; आधी माल वर न्यायचा, मग खाली येऊन सायकल खांद्यावर घ्यायची, आणि तोवर वरच्या मालावर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगायचे. पायऱ्यांच्या कडेने चाक सरकेल एवढी पन्हळ बसवली, तरी हा त्रास निम्म्यावर येईल.

खरा उपाय उताराचा आहे, आणि त्याचे गणित सोपे आहे. चाकांच्या खुर्चीसाठी 1 मीटर उंचीला किमान 12 मीटर लांबीचा उतार धरतात. रुळांवर विजेच्या तारा असल्यामुळे पूल उंच घ्यावा लागतो. ती उंची 6 मीटर धरली, तरी 72 मीटरचा उतार लागेल आणि मधले विसाव्याचे टप्पे वेगळे. एवढी जागा आराखड्यातच राखून ठेवावी लागते. खांब उभे राहिल्यानंतर ती शोधू म्हटले, तर परळसारख्या दाट वस्तीत ती मिळत नाही.

याच जागेवर लोकांची घरेही आहेत. हाजी नुरानी चाळ आणि लक्ष्मी निवास या दोन इमारतींमधील 83 कुटुंबांचा प्रश्न प्रकल्पाच्या केंद्रस्थानी आला. एप्रिल 2025 मध्ये पूल बंद करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा रहिवाशांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि काम पुढे ढकलावे लागले. पूल नकोच, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आमचे पुनर्वसन याच भागात करा, ही त्यांची मागणी होती. कारण मुलांची शाळा, कामाची जागा आणि अडीनडीला धावून येणारे शेजारी सगळे इथेच, चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर आहेत.

आमची सूचना एवढीच आहे की, खालच्या मजल्याचा आराखडा पुलाच्या दोन्ही टोकांना, मराठीत आणि मोजमापांसह फलकावर लावावा. पदपथ किती रुंद आहे, सायकलला वेगळी जागा आहे का, उतार कुठून सुरू होतो, रात्री दिवे कुठे असतील आणि पदपथ कोणत्या रुग्णालयाच्या दिशेने उतरतो, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. एक्स-रेचा लखोटा घेऊन आलेल्या बाईला तो फलक वाचता यावा, आणि पदपथ अपुरा वाटला तर तो बदलण्याची वेळ गेलेली नसावी.